रस्ता कुणाचा? आधी मैलाच्या दगडाचा रंग बघा

पोस्ट मोठी आहे. घाई असेल त्यांनी सेव्ह करून ठेवा, पण सवडीने वाचा. विषय आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्याचा आहे.

२८ जानेवारी २०२०. मालेगाव-देवळा रस्ता, मेशी फाट्याचा परिसर. धुळ्याहून कळवणकडे निघालेली एसटी आणि समोरून येणारी ॲपे रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही गाड्या रस्त्यालगतच्या विहिरीत गेल्या. २६ माणसं गेली. कसमादे पट्ट्यात या तारखेची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस गावोगावच्या टपऱ्यांवर एकच चर्चा होती. चूक कुणाची? बसवाल्याची का रिक्षावाल्याची? वेग किती होता, ओव्हरटेक कोण करत होतं? प्रश्न बरोबरच आहेत. पण दुसरा एक प्रश्न त्यामानाने फार थोड्यांनी विचारला. एवढ्या रहदारीच्या रस्त्याला खेटून विहीर कशी काय होती? आणि होती तर मधे भक्कम कठडा का नव्हता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपल्याकडे कायदा आहे, पोलीस आहेत, आरटीओ आहे, कोर्ट आहे. दुसऱ्या प्रश्नालाही कायदा आहे, आणि तोही चांगला सत्तर वर्षांचा जुना. पण त्याचं नाव दहा जणांना विचारा, नऊ जण खांदे उडवतील. हे असं का झालं, गाडीचा कायदा एवढा जागा आणि रस्त्याचा कायदा एवढा झोपलेला का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

रस्त्यावर चुकणाऱ्याला शिक्षा देणारा आपला कायदा मोटारीच्याही आधीचा आहे. १८६० ची भारतीय दंड संहिता, कलम २७९. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकलं किंवा घोडा दामटला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रस्त्यावर होतं काय? बैलगाड्या, टांगे, घोडेस्वार. त्या काळात हजार रुपये म्हणजे टांगेवाल्याने टांगा, घोडा आणि राहतं घर विकलं तरी जमायचे नाहीत. आता गंमत बघा. १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. २७९ चं २८१ झालं. दंडाची कमाल मर्यादा किती? हजार रुपयेच! दीडशेहून जास्त वर्षांत कांद्याचा भाव हजार वेळा वरखाली झाला असेल, हा आकडा काही हलला नाही.

निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होण्याचं ३०४ अ हे कलम १८७० मध्ये घातलं गेलं. आजही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद याच दोन कलमांच्या नव्या आकड्यांनी सुरू होते. फिर्यादीत आरोपी म्हणून कोण? चालक. आमच्या धंद्यातलं वाक्यही तिथूनच येतं. ‘भरधाव वेगातील वाहनावरील चालकाचे नियंत्रण सुटल्याने...’ वीस वर्षं हे वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या पानावर वाचतोय. ‘वळणाला कठडा नसल्याने’ अशी सुरुवात असलेली बातमी किती वेळा वाचलीत, आठवून बघा.

पुढे मोटार आली आणि १९१४ ला देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा आला. छोटासा होता. गाडीची नोंदणी, चालकाला परवाना, अपघात झाला तर थांबायचं, एवढाच जीव. दुसरा कायदा १९३९ चा, तो मोठा. आरटीओ हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो त्या कायद्याने नेमलेल्या परिवहन प्राधिकरणांमुळे. पण तो आणण्यामागे माणसांच्या सुरक्षेइतकीच, खरं तर जरा जास्तच, रेल्वेची काळजी होती. पहिल्या महायुद्धानंतर खासगी सर्व्हिस मोटारी इतक्या वाढल्या की रेल्वेचे उतारू आणि माल त्या पळवायला लागल्या. मिचेल आणि कर्कनेस या दोघांनी १९३२-३३ मध्ये रस्ता विरुद्ध रेल्वे या भांडणाचा अभ्यास करून अहवाल दिला आणि मग मोटारींना परमिटच्या दाव्याने बांधायचं ठरलं. कुठल्या मार्गावर किती गाड्या, कुणाच्या, भाडं किती, हे सरकार ठरवणार. एक गोष्ट मात्र मोठी झाली. अपघातात सापडलेल्या तिऱ्हाईताला भरपाई मिळावी म्हणून विमा सक्तीचा झाला, तो १ जुलै १९४६ पासून. आज अपघातात घरचा कमावता माणूस गेला तर मोटार अपघात दाव्यात जे काही पदरी पडतं, त्याची मुळी तिथे आहे.

परमिटवाल्या खासगी मोटारींचं पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली.

ही झाली गाडीची गोष्ट. आता रस्त्याची. ती जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

नाशिककरांना रस्ता म्हटलं की आधी आग्रा रोड आठवतो. मुंबईहून थळ घाट चढून इगतपुरी, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे करत उत्तरेला जाणारा. असले बडे रस्ते सरकारचे. बाकी गावागावांना जोडणारे रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात. बोर्डाकडे पैसा बेताचाच, त्यात शाळा, दवाखाने, धर्मशाळा, सगळंच त्यातून चालवायचं. बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेले रस्ते मोटारी यायला लागल्यावर दोन पावसाळ्यांत उखडायचे. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला आणि दिल्लीने हात झटकले.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो, तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. पण १९२७ मध्ये देशाच्या रस्त्यांचं काय करायचं हे ठरवायला जी समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. समितीने स्वच्छ सांगितलं की रस्ते आता लोकल बोर्डांच्या आणि प्रांतांच्या कुवतीबाहेर गेलेत, हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे. पैसा कुठून आणायचा? पेट्रोलवर जादा कर लावा. त्याप्रमाणे १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे बसले आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आज पंपावर आपण रस्त्यासाठी जो उपकर लिटरमागे मोजतो, त्याचा आजोबा हा दोन आण्यांचा कर. पेट्रोलमध्ये रस्त्याचे पैसे भरायचे आणि पुढच्या नाक्यावर परत टोल भरायचा, हे जयकरांना पटलं असतं का, हा माझा आपला भाबडा प्रश्न.

मग येतं १९४३ साल. महायुद्ध चालू होतं. डिसेंबरात नागपूरला देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते जमले आणि पुढच्या वीस वर्षांचा आराखडा ठरला. त्याला नागपूर आराखडा म्हणतात. डोक्यात कल्पना साधी होती. शेतीखालच्या मुलखातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब नको. त्यासाठी रस्त्यांची उतरंड लावली गेली. सगळ्यात वर राष्ट्रीय महामार्ग. त्याखाली प्रांतिक महामार्ग, म्हणजे प्रांताची राजधानी, जिल्ह्याची ठिकाणं, मोठ्या बाजारपेठा जोडणारे. मग जिल्हा मार्ग, त्यात मोठे आणि लहान. शेवटी गावरस्ते.

आज आपण ज्याला राज्यमार्ग म्हणतो तो हाच प्रांतिक महामार्ग. १९५० ला राज्यघटना आली, प्रांतांची राज्यं झाली, पाटीवरचं नाव बदललं. उतरंड मात्र नागपूरचीच. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कुठल्याही फलकावर प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी अक्षरं दिसतात ना, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, ती याच जातव्यवस्थेची नावं. होय, जातव्यवस्थाच म्हणतो. रस्त्याची जात ठरली की त्याला पैसा किती, डांबर किती जाड, देखभाल कुणाकडे, हे सगळं ठरतं. वर वाहतूक तीच, माणसं तीच.

घटनेनेही वाटणी अशीच केली. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, म्हणजे दिल्लीचे. बाकी रस्ते राज्यसूचीत. आणि मोटार वाहनं? ती समवर्ती सूचीत, दोघांची. म्हणजे गाडीसाठी देशभर एकच कायदा, आणि ती ज्या रस्त्यावरून जाते त्याचा मालक दर पाच-दहा किलोमीटरला वेगळा. नाशिकहून निघून पाहुण्यांच्या गावाला जाताना तुम्ही एका तासात महापालिका, राष्ट्रीय महामार्ग, बांधकाम खातं आणि जिल्हा परिषद अशा चार मालकांच्या अंगणातून जाता. खड्डा मात्र मालक विचारून पडत नाही.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग त्यांच्याकडे गेले. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे राहिले. मधे वरच्या वर्गात बढत्याही होतात. पेठ रस्ता बघा, आज तो राष्ट्रीय महामार्ग ८४८ आहे. पण त्याच रस्त्याच्या शहरातल्या तुकड्यासाठी पंचवटीकरांना आंदोलनं करावी लागली. आग्रा रोड १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग तीन झाला, २०१० ला सगळे आकडे बदलले आणि नाशिक ते धुळे हा भाग साठ नंबरचा झाला. म्हातारी माणसं अजून ‘तीन नंबर’च म्हणतात.

आता तो झोपलेला कायदा.

१९५५ साली तेव्हाच्या मुंबई राज्याने, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, मुंबई महामार्ग कायदा केला. आज त्याला महाराष्ट्र महामार्ग कायदा म्हणतात. या कायद्याचं पहिलं उद्दिष्ट वाचून मी चाटच पडलो होतो. रस्ते बांधणं हे पहिलं नाही. पहिलं आहे महामार्गाच्या कडेने फितीसारख्या वाढणाऱ्या वस्तीला आवर घालणं! इंग्लंडने १९३५ ला असाच कायदा केला होता, कारण तिकडेही नव्या मोटाररस्त्यांच्या दोन्ही अंगांनी दुकानं आणि घरं अशी वाढली की रस्त्याचा बाजार झाला. आपल्या अधिकाऱ्यांनी तो धोका सत्तर वर्षांपूर्वी ओळखला होता. तेव्हा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फार तर चहाची टपरी आणि पंक्चरवाला असायचा.

कायद्याची यंत्रणा अशी. सरकार अधिसूचनेने रस्ता ‘महामार्ग’ म्हणून जाहीर करतं, त्याच्यासाठी महामार्ग प्राधिकारी नेमतं. रस्त्याच्या हद्दीपलीकडे दोन रेषा आखायच्या. आतली इमारत रेषा, बाहेरची नियंत्रण रेषा. इमारत रेषेच्या आत बांधकाम, खोदकाम किंवा महामार्गाला नवीन वाट जोडणं हे परवानगीशिवाय करायचं नाही. नियंत्रण रेषेपर्यंतच्या पट्ट्यातही बंधनं आहेत. अतिक्रमण झालं तर नोटीस द्यायची आणि काढायचं.

आता डोळ्यासमोर आणा कुठलाही राज्यमार्ग. ढाबे, लॉन्स, मंगल कार्यालयं, शोरूम, द्राक्षाचे कोल्ड स्टोरेज, पेट्रोलपंप. प्रत्येकाची वाट थेट महामार्गावर. लग्नसराईत एकेका लॉन्ससमोर शंभर गाड्या कडेला उभ्या आणि वरातीचा डीजे अर्ध्या रस्त्यावर. कागदावरच्या त्या दोन रेषा गेल्या कुठे? तर सातबारावर त्या दिसत नाहीत, जमिनीवर खुणेचा दगड नाही, ग्रामपंचायत ठराव करून मोकळी होते आणि बांधकाम खात्याचा अभियंता म्हणतो माझ्याकडे माणसं किती! ज्याने परवानगी दिली आणि ज्याने दिली नाही, दोघांची दुकानं शेजारी शेजारी चालतात.

विहिरींची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या बागायती पट्ट्यातल्या पुष्कळ विहिरी रस्त्याच्या आधीच्या आहेत. शेतकऱ्याने रस्त्यात विहीर खोदली नाही, रस्ता रुंद होत होत विहिरीपर्यंत आला. एकेरी डांबरीचा दुहेरी झाला, साइडपट्टी गेली, दोन वेळा थर चढून रस्ता वर आला, विहिरीचा काठ खाली राहिला. अशा जागी शेतकऱ्याला नोटीस देऊन काय होणार? रस्ता ज्याने रुंद केला त्याने विहिरीची किंमत मोजून ती बुजवायची, नाहीतर लोखंडी गर्डरचा कठडा ठोकायचा. हे त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकातलं कलम असायला हवं. मेशीच्या २६ जणांची चर्चा फक्त दोन चालकांवर थांबते तेव्हा हे कलम कुणाच्या ध्यानातच येत नाही.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट तर शहराच्या उंबऱ्यावरची. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस, औरंगाबाद रोडवर नांदूर नाक्याजवळचा मिरची हॉटेल चौक, ट्रेलरशी धडक, बसने पेट घेतला. १२ जण जळून गेले. झोपेतच. मुख्यमंत्री आले, पाच लाखांची मदत जाहीर झाली, मग चौकातली अतिक्रमणं हटली, गतिरोधक आले, ‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द नाशिकच्या प्रत्येक माणसाच्या तोंडी बसला. जे १९५५ च्या कायद्याने कुठल्याही मंगळवारी करता आलं असतं, ते १२ माणसं गेल्यावर झालं.

आणि मालकीचा घोळ इथेच सगळ्यात जास्त असतो, शहराच्या वेशीवर. नाशिक महापालिका १९८२ ची. तिच्या आधी गंगापूर रोड, दिंडोरी रोड, त्र्यंबक रोड हे गावाबाहेर जाणारे रस्ते होते. शहर त्यांच्याच कडेने लांबलं, म्हणजे जी फितीसारखी वाढ थांबवायला कायदा केला तिच्यातूनच आपली उपनगरं झाली. आता तोच रस्ता बाहेरगावच्या ट्रकसाठी महामार्ग आहे आणि शाळेत जाणाऱ्या पोरीसाठी गल्ली. वेगमर्यादा कुणी ठरवायची, सिग्नल कुणी बसवायचा, दुभाजक कुणी फोडायचा, दिव्याचं बिल कुणी भरायचं? चार कार्यालयं, चार पत्रं.

सरकारला मालकी पटकन ठरवता येत नाही, असं मात्र समजू नका. मनात आणलं तर आठवड्यात ठरते. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायचा आदेश दिला. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं. त्यानंतर देशभर जे झालं ते इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखं आहे. दुकान हलवण्यापेक्षा रस्ता हलवणं सोपं पडलं. शहरातून जाणारे राज्यमार्ग ‘राज्यमार्ग’ राहिलेच नाहीत, ते पालिकांकडे वर्ग करायची घाई सुरू झाली. शेजारच्या जळगावात यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. वर्षानुवर्षं ज्या रस्त्यांचा खड्डा कुणाचा हे ठरत नव्हतं, त्यांचा मालक एका परिपत्रकात ठरला. पुढे जुलै २०१७ ला न्यायालयानेच सांगितलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी लागू नाही, आणि घाई ओसरली.

आता २०१९ कडे या. मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो १ जुलै १९८९ पासून लागू. त्यात २०१९ ला मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबरपासून दंड एकदम वाढले. हेल्मेट नसेल तर हजार रुपये, परवाना नसेल तर पाच हजार. आपल्या राज्याने तेव्हा हात आखडता घेतला. परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी दंड फार आहेत म्हणून केंद्राला पत्र लिहिलं. निवडणूक तोंडावर होती, हेही खरं. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये नवे दंड आपल्याकडे सुरू झाले. त्याआधीच, १५ ऑगस्ट २०२१ पासून, नाशिकचे तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ काढलं होतं. विनाहेल्मेट सापडलेल्यांना ट्रॅफिक पार्कमध्ये दोन तास बसवून समुपदेशन. टीका खूप झाली, टिंगलही झाली. माझं मत विचाराल तर हेल्मेटची सक्ती योग्यच. डोकं आपलं असतं.

पण त्याच २०१९ च्या दुरुस्तीत एक कलम आलं, ज्याच्यावर कुणी टिंगलसुद्धा केली नाही, कारण ते कुणाला दिसलंच नाही. कलम १९८ अ. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ज्याच्याकडे आहे, तो सरकारी विभाग असो, ठेकेदार असो, सल्लागार असो की टोलवाला, त्याने ठरलेले सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. १८६० पासून चालत आलेल्या हिशेबात पहिल्यांदाच रस्ता करणारा आरोपीच्या पिंजऱ्यात येऊ शकतो!

आता बारीक अक्षर वाचा. दंड जास्तीत जास्त एक लाख, आणि तो कुटुंबाला मिळत नाही, सरकारच्या मोटार वाहन अपघात निधीत जातो. कैद नाही. परवान्याशिवाय गाडी चालवणाऱ्या पोराला पाच हजार आणि जीवघेणं वळण बांधणाऱ्या कंपनीला एक लाख. कोट्यवधींच्या कंत्राटात एक लाख म्हणजे भूमिपूजनाच्या मांडवाचा खर्च. तरीसुद्धा मी या कलमाला छोटं म्हणणार नाही. कारण ते लावायचं तर फिर्यादीत आधी रस्त्याचा मालक लिहावा लागतो. पंचनाम्यात वळणाची त्रिज्या, कठडा, फलक, दिवे यांची नोंद घ्यावी लागते. तेवढं झालं तरी चालकाच्या ‘सुटलेल्या नियंत्रणा’खाली जे गाडलं जातं ते वर येईल.

चालकांचा रागही समजून घ्या. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पानेवाडीच्या इंधन डेपोवरचे टँकरचालक थांबले आणि उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांवर रांगा लागल्या. कारण न्याय संहितेतलं कलम १०६ (२). अपघात करून पळून गेला आणि माणूस मेला तर दहा वर्षांपर्यंत कैद. पळून जाणं चूकच, त्यात दुमत नाही. पण ते म्हणत होते, थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो. ते उपकलम सरकारने अजून लागू केलेलं नाही. एवढ्या मोठ्या वादात दहा वर्षं कैद चालकाला आणि एक लाख दंड रस्तेवाल्याला, ही तुलना मात्र एकाही चर्चेत ऐकली नाही.

न्यायालयं आता तिकडे वळायला लागलीत असं दिसतं. मुंबई आणि परिसरातल्या खड्ड्यांचं प्रकरण २०१३ पासून उच्च न्यायालयात आहे, न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्या पत्रावरून सुरू झालेलं. १३ ऑक्टोबर २०२५ ला न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला, आणि तीही रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने. म्हणजे पुन्हा पहिला प्रश्न तोच, रस्ता कुणाचा?

२०२७ चा कुंभ जवळ आलाय. रस्त्यांना पैसा येतोय, रुंदीकरण चालू आहे. त्र्यंबक रोडला बांधकामं पाडण्यावरून केवढा वाद पेटला ते बघितलंत. लोकांचा संताप खोटा नाही. ज्या रेषा तीन पिढ्या कुणी दाखवल्या नाहीत, त्या एका सकाळी जेसीबी घेऊन दाखवल्या तर माणूस आडवा पडणारच. १९५५ चा कायदा नियमित राबवला असता तर पाडायला बांधकामंच नसती. माझं म्हणणं एवढंच की, आता पाडापाडी करून रुंद केलेल्या रस्त्याच्या दोन्ही रेषा दगड रोवून आखा, सातबारावर चढवा आणि काठावरच्या प्रत्येक विहिरीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कुंभाला लाखो माणसं रात्री-अपरात्री याच रस्त्यांनी येणार. गडाच्या यात्रेला देवळ्याकडून पायी येणारे खान्देशातले भाविक आणि मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या तर दरवर्षीच कडेने चालतात, जिथे कड शिल्लक असेल तिथे.

तोवर एक काम तुम्हीही करू शकता. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्यमार्ग, म्हणजे बांधकाम खातं. काळा किंवा निळा असेल तर जिल्ह्याचा किंवा शहराचा रस्ता. नारिंगी असेल तर गावरस्ता. तुमच्या गावाजवळ रस्त्याला लागून उघडी विहीर किंवा कठडा नसलेला पूल असेल, तर त्याचा फोटो, गावाचं नाव आणि जवळच्या दगडाचा रंग खाली लिहा. दगडच गायब असेल तर तेही लिहा. तालुक्यानुसार यादी करून ज्याचा रस्ता त्याच्या कार्यालयात आवक-जावकच्या शिक्क्यासह देतो आणि मिळालेली पोच इथेच टाकतो. देवळा, सटाणा, कळवण, मालेगावकडच्यांनी आधी.